गल्लीत फिरणारी कॅसेट

यवतमाळच्या बाजारात टीव्ही आणि व्हिडिओ गेम दुरुस्त करणारे एक चाचा होते. काहीही विचारा, आधी हातातल्या कॅसेटमध्ये फुंकर मारायचे, मगच बोलायचे. सीडीवाला गेम एवढा भारी दिसतो, तरी लोक हा जुनाट कॅसेटवालाच का घेतात, असं मी एकदा विचारलं. फुंकर मारून म्हणाले, "सीडीवाला साऱ्या गल्लीत एकाकडेच हाय, भाऊ. तो कोनासंग अदलाबदल करन? कॅसेट घरोघरी फिरते, म्हनून हाच चालते."

कापसाचे भाव कोसळले त्या साली आमचा अडतीचा धंदा बसला. पोराचा गेम मी चाचांकडे विकायला नेला. त्यांनी मशीन ठेवून घेतलं, पैसे दिले. कॅसेट मात्र फुंकर मारून माझ्याच खिशात घातली.

"हे राहू द्या घरी. कॅसेट असली का पोराले कोनीबी खेळाले बोलावते."