औषध आज, भीती उद्या

इरप्पाअण्णा गेल्याचं दूधवाल्यानं सांगितलं, तेव्हा गिरणीचा सकाळचा भोंगा वाजत होता. त्याला आता तीन आठवडे होऊन गेले. वाईट वाटलंच, पण मागोमाग सुटल्यासारखंही वाटलं... बरं झालं, आमचं भांडण दोन वर्षांपूर्वीच मिटलं. नाहीतर कुठल्या तोंडानं त्यांच्या दारात उभा राहिलो असतो.

अण्णा मूळचे वळसंगचे. घरात कानडी, बाहेर मराठी. आमच्या गल्लीतलं छोटं वाचनालय ते उघडायचे, झाडायचे आणि दारातल्या फळ्यावर रोज एक वाक्य लिहायचे. पुस्तकातलं कधीच नाही. गल्लीतलंच कुणीतरी बोललेलं, खाली त्याच्या नावासकट. मागावर काम करणाऱ्या लक्ष्मीबाईंचं एक मला आठवतं, "तुटलेला धागा वरडून जुळत न्हाय, वाकावं लागतं." थोरामोठ्यांचं का लिहीत नाही, असं विचारलं तर अण्णा म्हणाले, "त्यांचं पुस्तकात हाय की. आपल्या मानसांचं कुटं लिवून ठेवायचं?" मी शाळामास्तर. ही वाक्यं वर्गात खुशाल आपली म्हणून खपवायचो.

दुष्काळ सरला आणि पुढच्याच वर्षी माझ्या बायकोला, सुमनला, टीबी झाला. तेव्हा हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. कळलं तर नळावर घागर वेगळी ठेवत. आम्ही थंडीचा खोकला म्हणून वेळ मारून नेत होतो. इंजेक्शनला जाताना तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरायचो. मग ती म्हणायची, "टीबीचं औषध आज घ्यायचं, भ्यायचं ते उद्या बघू." एका सकाळी शाळेला निघालो तर हेच वाक्य फळ्यावर, खाली तिचं नाव. राग माझ्या नाकावरच असतो. सगळ्यांदेखत बाहीनं फळा पुसला, अण्णांना तोंडाला येईल ते बोललो. ते एवढंच म्हणाले, "चुकलं माजं, गुरुजी." वाक्य त्यांच्यापर्यंत गेलं कसं, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. मी वाचनालयाची पायरी चढणंच सोडलं.

घागर वेगळी ठेवणारी एक-दोन घरं निघालीच, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात शेजारची रझिया आली. नवऱ्याचा खोकला किती महिने लपवलाय ते सांगून रडली. सुमन तिला आणि त्याला घेऊन दवाखान्यात गेली.

दीड-दोन वर्षांत सुमन बरी झाली. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या त्या दिवशी म्हणाली, "अण्णांना पेढे देऊन या." भांडणाचं मी घरी बोललो नव्हतो, आजारी बाईला गल्लीतही कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागलं. ती म्हणाली, "अहो, मीच लिहायला सांगितलं होतं त्यांना. लपवून लपवून जीव विटला होता माझा. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही लिहू दिलं असतं का?"

पेढे घेऊन गेलो. अण्णांनी आधी पेढा खाल्ला. मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी घरी जाऊन वैनींवर चिडला असता," ते म्हणाले. "त्यांना तवा तुमची लई गरज हुती. माज्यावर चिडलात, बरं झालं की."

मी तिथंच बाकावर बसून रडलो. पेपर वाचणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

फळ्यावर आता त्यांची सून लिहिते. घरात माझा आवाज चढायला लागला की मी चपला घालतो आणि वाचनालयापर्यंत चालत जातो. पोचेपर्यंत राग निम्मा उतरलेला असतो. परवा असाच परत आलो, तर सुमननं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "अण्णांवर चिडून आलात व्हय?"