झेंडूचा हार आणि तनुजाचा हुकूम

भोसरीचे उद्धवराव बोलायला लागले की समोरच्याने चहा सांगून टाकावा, कारण लवकर सुटका नाही. कंपनीत फिटर म्हणून उभी हयात गेली, मशिनच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. नात तनुजा मात्र एक शब्द बोलत नसे. तिला ऑटिझम आहे. तिला विशेष मुलांच्या शाळेत सोडायला आजोबाच जात आणि वाटभर दोघांच्या वाटणीचं एकटेच बोलत. पोरीने एकदा तरी आपल्याला उद्देशून काही म्हणावं, एवढाच त्यांना ध्यास.

शाळेत नवा टच बोर्ड आला होता. चित्राला बोट लावलं की तो इंग्रजीत शब्द बोले. तहान लागली तर वॉटर, नको झालं तर स्टॉप, असं दीपमाला मॅडम शिकवत होत्या. बाकीची मुलं बोटं लावू लागली. तनुजा लांबूनच बघे.

खंडेनवमीला उद्धवराव हार घेऊन हजर.

"मॅडम, मशिन हाय न्हवं हे? मग हाराबिगर पूजा व्हती व्हय?"

मॅडम "अहो, थांबा" म्हणेपर्यंत झेंडूचा हार बोर्डावर चढलासुद्धा.

बोर्डाला बोट काय नि झेंडू काय, सारखंच. "वॉटर! बनाना! वॉटर!" असा त्याने सपाटाच लावला. मुलांनी कान झाकले. मॅडम बटण शोधायला धावल्या. उद्धवराव हात जोडून बोर्डाची समजूत घालू लागले, आणि घालता घालता कंपनीतलं एक मशिन असंच कसं बिघडलं होतं, ती हकीकतही त्यांनी सुरू केली.

तनुजा उठली. तिने हार ओढून काढला. बोर्ड गप्प झाला, आजोबा नाही झाले. तिने त्यांची बाही धरली आणि लाल हाताच्या चित्रावर बोट ठेवलं.

"स्टॉप."

उद्धवरावांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. डोळे भरून आले.

"मॅडम, मला म्हणाली न्हवं?"

"तुम्हालाच, आजोबा."

घरी जाताना चौकात शेजारचे नानासाहेब भेटले. "उद्धवराव, आज गप गप? तब्येत बरी हाय न्हवं?"

उद्धवरावांनी तनुजाकडे बघितलं आणि नानासाहेबांच्या कानाशी लागून, जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "नातीचा हुकूम हाय."