बाबांचं येस

इंग्रजी बोलायला मला बाबांनी शिकवलं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी पुसेगावहून हिंगोलीला फाडफाड इंग्रजीच्या क्लासला जायचो. सर म्हणाले, "घरी रोज तासभर कोणाशी तरी इंग्रजीत बोला." आता पुसेगावात बोलणार कोणाशी? मित्र तर मला लांबून बघूनच वाट बदलू लागले! शेवटी दिवसभर भिंती बांधून आलेले बाबा हातपाय धुऊन ओट्यावर माझ्यासमोर बसले.

"माह्याशी बोल."

"तुमाला कुठं समजते, बाबा?"

"न्हाई समजत तेच बराबर हाय. चुकलं तरी हसनार कोन?"

बाबांकडे एकच शब्द होता, येस. तो ते सगळीकडे वापरायचे. मी इंग्रजीत म्हणालो, आपली शेळी फार हुशार आहे. "येस!" म्हणालो, ती उद्यापासून कॉलेजात जाणार आहे. "येस, येस!" (गेली असती तर माझ्याआधी पास झाली असती.) आई चुलीपुढून ओरडायची, "आवो, त्यो शिव्या देऊन राहिला आसंल तुमाला!"

"देऊ दे! विंग्रजीत देऊन राहिला ना?"

दोन वर्षांत माझी जीभ सुटली आणि बाबांचा ताबा सुटला. पाहुणा आला की चहाच्या आधी माझं इंग्रजी! विजेचं मीटर बघायला साहेब आले, तर त्यांच्याशीही मला इंग्रजीत बोलायला लावलं. साहेब घाबरून मीटर न बघताच गेले.

मग बाबांचं पोट दुखायला लागलं. दुखणं हटेना, म्हणून नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर खाटेपाशी आले आणि चांगल्या मराठीत म्हणाले, "हे बघा, काका..."

बाबांनी हात वर केला. "साहेब, पोराशी विंग्रजीत बोला. त्याला फाडफाड येते!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. आजार यकृतापर्यंत पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. घरी न्या, हवं ते खाऊ घाला. फार दिवस नाहीत.

"येस!" बाबा प्रत्येक वाक्याला म्हणत होते. "येस, येस!"

मी विचारलं, त्रास होईल का? डॉक्टर म्हणाले, होईल. "येस!" शेजारच्या खाटेवरचे चाचा कौतुकानं म्हणाले, "क्या बोलता बच्चा!" बाबा उशीवरून उठूनच बसले. "माहं पोरगं हाय!"

त्या दिवशी माझं इंग्रजी एकदाही अडखळलं नाही. हे आपल्याला आलंच नसतं तर किती बरं झालं असतं, असं वाटलं.

डॉक्टर गेले. "काय म्हनले रे?"

"बरे व्हाल म्हनले."

"येवढंच? मंग येवढा येळ काहून बोलून राहिले?"

"विंग्रजीत लई शब्द लागतेत, बाबा."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "येस."

पावसाळ्याआधीच ते गेले.

आता हिंगोलीत माझाच क्लास आहे. पोरांना सांगतो, घरी कोणाशी तरी बोला. माझ्या घरी मात्र आता सगळ्यांना इंग्रजी समजतं, त्यामुळे माझं कोणी ऐकत नाही. बाबांची फार आठवण आली की गावी जातो, ओट्यावर बसतो आणि दावणीच्या शेळीशी इंग्रजीत बोलतो. ती शांतपणे ऐकते, पण येस काही म्हणत नाही.

चुका काढत असणार!