मिरीचा न्यूमोनिया

"मादीला न्यूमोनिया आहे," डॉक्टर म्हणाले. "नर मात्र न्यूमोनियानं गेला नाही. औषधानं गेला."

माझे पती विलास टेबलापाशीच उभे होते. आमच्या चिंचिलाला ते औषध त्यांनीच पाजलं होतं.

चिंचिला म्हणजे खारीपेक्षा मोठा, सशापेक्षा लहान, विलक्षण दाट केसांचा राखाडी प्राणी. मूळचा थंड, कोरड्या डोंगरांतला. माझ्या भावानं हौसेनं मुंबईहून जोडी आणून दिली. दोन हजारनंतरची ती वर्षं. गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे 'उंदीर'च म्हणत. आम्ही नराचं नाव सुंठ ठेवलं, मादीचं मिरी. आम्हाला मूल नाही. विलास ऑफिसमधून आले की बूट काढायच्या आत सुंठ त्यांच्या शर्टाच्या बाहीत शिरायचा.

उन्हाळ्यात या जोडीला गार वाटावं म्हणून पिंजऱ्यासमोर कूलर लावला. ती ओलसर हवा त्यांना बाधते, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सुंठ शिंकू लागला. नाकाशी ओलं, डोळ्यांत चिपडं, मग धाप. जवळचे डॉक्टर गाई-म्हशींचे आणि कुत्र्यांचे. "असला प्राणी पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले आणि त्यांनी अमॉक्सिसिलिनचं लहान मुलांचं गुलाबी सिरप लिहून दिलं.

सुंठला ते गोड लागायचं. विलासच्या मांडीवर बसून तो सिरिंज पुढच्या दोन पायांत धरून चाटायचा. शिंका कमी झाल्या. आम्ही खूश झालो. मग जुलाब लागले, पोट फुगून टणक झालं आणि त्याच मांडीवर, दात करकरत, तो गेला. पाठोपाठ मिरी शिंकू लागली, म्हणून ओळखीतून हे दुसरे डॉक्टर शोधले.

त्यांनी समजावलं. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या कुळातलं. चिंचिलाच्या आतड्यात गवत पचवणारे चांगले जंतू असतात. हे औषध तोंडावाटे दिलं तर ते मरतात आणि विषारी जंतू माजतात. मिरीला त्यांनी एन्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं. ते वेगळ्या कुळातलं, तिला चालणारं, पण इंजेक्शननं कातडीखाली द्यायचं.

"आणि भरवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "खाणं थांबलं की आतडं थांबतं. ती ओरडेल. थांबायचं नाही."

घरी आल्यावर विलास म्हणाले, "तिला माझ्या हातात देऊ नकोस."

मग सगळं मीच केलं. घाबरलेल्या चिंचिलाला पकडलं की केसांचा अख्खा पुंजका हातात येतो आणि खाली गुलाबी कातडी उघडी पडते. याला फर स्लिप म्हणतात. शत्रूच्या तोंडी केस ठेवून पळून जायची ती सोय. मिरीच्या पाठीवर असे ठिगळासारखे डाग पडले. मी तिला टॉवेलात आवळायची, सुई टोचायची, भिजवून वाटलेलं खाणं तिच्या गालात ढकलायची. ती किंचाळायची, अगदी माणसाच्या बाळासारखी. शेजारच्या वहिनी एकदा दारात येऊन म्हणाल्या, "अहो, मरू द्या ना सुखानं!"

विलास तेवढा वेळ गॅलरीत उभे राहायचे.

एका सकाळी मिरीनं स्वतःहून गवताची काडी उचलली. छातीतली घरघर गेली होती. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून पाहिलं आणि इंजेक्शन बंद केलं.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. मी पिंजऱ्याजवळ गेले की मागच्या पायांवर उभी राहून नेमकी माझ्या अंगावर मुतायची. चिंचिलाच्या माद्या शत्रूला असंच करतात. विलासनी मात्र हात आत घातला की ती त्यांच्या बाहीत शिरायची. ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

तुमच्या घरी असा प्राणी आजारी पडला, तर आधी विचारा, हे औषध याच प्राण्याला चालतं का. आणि मग घट्ट धरा. तो तुम्हाला माफ करेल म्हणून नव्हे. मिरीनं मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. माझा ओला पदर पिळताना दर वेळी मला एवढंच वाटायचं, मिरीबाईच्या अंगात अजून ताकद आहे.