बाबांनी दिलेला होकार

आमच्या घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. सिंदी गावच्या बाजारात बाबांचं भांड्यांचं लहानसं दुकान. पदवी मिळवणारा घरातला मी पहिला. नौदलात अधिकारी झालो तेव्हा शाळेनं सत्कार केला. त्या शाळेचे उपकार मी विसरलेलो नाही. एक दिवस स्वतःचं जहाज हाती यावं, ही माझी इच्छा होती, आणि ती लहान नव्हती.

आमचे कॅप्टन कधी ओरडत नसत. दिशा सांगताना चुकलेल्या एका अधिकाऱ्याच्या गळ्यातली दुर्बीण त्यांनी स्वतःच्या हातानं काढून घेतली आणि पहारा संपेपर्यंत त्याला खलाशांसमोर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तो पुढे कुणाशी बोलेनासा झाला, मग नोकरी सोडून गेला. त्याचं काम माझ्याकडे आलं. मी ते नीट केलं. कॅप्टनांचं माझ्याबद्दल मत चांगलं झालं, आणि रोज ब्रिजवर, जहाज चालवतात त्या जागी, जाण्याआधी मी दिशांचे आकडे तीनतीनदा घोकू लागलो.

कुटुंबीयांना जहाज दाखवतात त्या दिवशी बाबा गोरसपाक बिस्किटांचा डबा घेऊन आले. कॅप्टनांनी त्यांचा दंड धरून त्यांना शिडी चढवली, गोरसपाक आवडीनं खाल्ला, फोन नंबर मागून घेतला. तेव्हापासून ते अधूनमधून बाबांना फोन करतात, पाऊसपाणी विचारतात. बाबा तो फोन उभे राहून घेतात.

यंदा कॅप्टनांना मोठं जहाज मिळालं. त्यांना सोबत मी हवा होतो. नाही म्हटलं तर त्यांचा चांगला शेरा जाणार आणि स्वतःच्या जहाजाचं विसरावं लागणार, हे कळत होतं. तरी नाहीच म्हणायचं ठरवलं आणि आधी बाबांना सांगावं म्हणून सुटीवर आलो.

दुकानात शिरलो तर बाबा गिऱ्हाइकाच्या हातावर पेढा ठेवत होते.

"या साहेब! तुह्या कॅप्टनचा फोन आलता. म्हणे, बाबूजी, लड़का फिर हमें दे दो."

"मग?"

"मग काय? म्या म्हटलं, ले जाओ साब, तुम्हारा ही है."

"बाबा, मले नाई जायचं त्यायच्यासंग."

गिऱ्हाईक हसलं. "पोरगं साहेब झालं का असे नखरे करते."

बाबा हसले नाहीत. "काऊन? काही बोलले का तुले?"

मी दुर्बिणीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. हातातला पेढ्यांचा डबा बंद केला.

"चुकला असन तो," ते म्हणाले. "तू तं चुकत नाई."

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. बाबांनी खिशातून फोन काढला. पोरगा पोचला की कळवा, असं कॅप्टनांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. नंबर लावून ते उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं, दोन शब्द बोलले आणि फोन माझ्या हातात दिला.

तिकडून अगदी हळू आवाजात विचारणा झाली, कधी निघतोस.

सुटी अजून बरीच शिल्लक होती. उद्या, मी म्हणालो. स्टुलावरून मी कधी उठलो होतो, माझं मलाच कळलं नव्हतं.