जवळा खाल्लेले उंदीर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डोंबिवलीहून ठाण्याच्या कॉलेजात जायचे, जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला. प्रकल्पासाठी माझ्याकडे पांढऱ्या उंदरांचे दोन पिंजरे होते. एकाला साधं खाद्य, दुसऱ्याला त्यातच जादा मेथिओनिन. हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. शरीराला लागतंच, पण अति झालं तर ऑक्सिजनमुळे होणारी मेंदूची झीज वाढते का, आणि उंदीर मंदावतात का, हे मला पाहायचं होतं.

महिन्याभराने मी उंदरांना लाकडी भुलभुलैयात सोडलं आणि घड्याळ घेऊन बसले. दुसऱ्या टोकाला चणे ठेवलेले. मेथिओनिनवाले अडखळणार अशी माझी खात्री. ते तर इतरांइतकेच झटपट चण्यांपाशी पोचले.

माझ्या मार्गदर्शक सरांनी वही चाळली. "तू नसताना यांना खाणं कोण घालतं?"

"प्रयोगशाळेतले काका."

काका कळव्याच्या खाडीकाठचे कोळी, निवृत्तीला आलेले. विचारल्यावर त्यांनी काहीच लपवलं नाही. "त्या पिंजऱ्यातले उदास बसतात गं पोरी. मना बरं नाय वाटलं. म्हणून घरचा सुका जवळा घालतो, रोज चिमूटभर."

महिन्याची मेहनत पाण्यात गेली. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि सर चक्क हसत होते. "जवळा म्हणजे बारीक कोलंबीच. त्यात टॉरिन असतं, अमिनो आम्लाच्याच कुळातलं. ते झीज रोखतं म्हणतात. आता तीन पिंजरे कर. तिसऱ्याला मेथिओनिन आणि जवळा, पण वजन करून."

पुन्हा सगळं पहिल्यापासून. जवळा काकाच तराजूवर तोलायचे, माझ्यापेक्षा काटेकोर. शेवटी मेंदूचा लगदा रसायनाबरोबर उकळला. झीज जितकी जास्त, तितका गुलाबी रंग गडद. मेथिओनिनच्या नळ्या गडद झाल्या, जवळ्याच्या फिक्या. मी आनंदाने सरांना हाक मारली.

"थांब," ते म्हणाले. "जवळ्याने पोट भरून त्यांनी खाद्यच कमी खाल्लं असेल तर? तेही लिही."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, जवळा कसा सुचला. मी खरं ते सांगितलं. त्यांनी काकांना आत बोलावलं, खुर्ची दिली.

"उंदीर उदास आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

काका जरा अवघडले. "मॅडम, बाकीचे एकमेकांच्या अंगावर चढून झोपतात. हे वेगळेवेगळे बसायचे. पिंजरा उघडला तरी वर बघायचे नाहीत."

बाई माझ्याकडे वळल्या. "हे तुझ्या प्रबंधात कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. वागण्याबद्दल मी फक्त घड्याळाचे सेकंद लिहिले होते. पण त्यांनी पास केलं, एका अटीवर: उंदरांच्या वागण्यावर एक प्रकरण वाढवायचं.

पुढचा आठवडाभर काका सांगत होते आणि मी लिहून घेत होते. मध्येच ते थांबून म्हणायचे, "वाचून दाखव बघू, काय लिवलंस."