उलट्या दाराची गाडी

आईचा उजवा गुडघा वाकत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेत बसवलेल्या सांध्यात संसर्ग झाला, तो सांधा काढावा लागला, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी वरचं आणि खालचं हाड सरळ रेषेत जोडून टाकलं. दुखणं थांबलं. पाय काठीसारखा झाला. ती वॉकर घेऊन घरभर फिरू लागली, ओट्याला टेकून उभ्याउभ्या फोडणी देऊ लागली. अडचण एकच राहिली. तिला कुठल्याही गाडीत बसता येईना.

महिन्यातून एकदा धंतोलीतल्या दवाखान्यात जाऊन पायाचा एक्स-रे काढणं आवश्यक होतं. संसर्ग आत दबून राहिलेला असू शकतो आणि परत उलटला तर पाय राखता येणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आमचं घर रामदासपेठेत. अंतर गाडीने दहा मिनिटांचं. ऑटोत पाय समोरच्या पत्र्याला अडायचा. मोटारीत पुढच्या सीटवर बसवलं तर आत घेताना टाच उघड्या दाराला लागायची आणि गुडघ्याशिवायचा पाय तिथून पुढे जायचा नाही. शेजाऱ्यांच्या मोठ्या गाडीची पायरी तिला चढता आली नाही. मग मागच्या सीटवर आडवं करून, पाठीशी उशा लावून तिला न्यायचं. ती वाटेत डोळे मिटून घ्यायची. दोन खेपांनंतर म्हणाली, "तुझे बाबा या फाटकातून आडवे गेले. मला तसं नेऊ नको."

"मग कसं नेऊ?"

तिने खिडकीतून मागच्या टिनाच्या शेडकडे हात केला. "तिच्यात मी बसले असते."

शेडमध्ये वडिलांची गाडी होती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. नाकाच्या ठेवणीमुळे लोक तिला डुक्कर म्हणत. वडील गेल्यापासून नऊ वर्षं ती विटांवर उभी होती. तिची पुढची दारं आजच्या गाड्यांच्या उलट उघडतात. बिजागऱ्या मागे, मधल्या खांबाला, कडी पुढे. दार उघडलं की मागे जातं आणि पुढची बाजू पूर्ण मोकळी राहते. गिअर स्टिअरिंगलाच असल्याने पुढची बैठक बाकासारखी सपाट, मध्ये काही नाही.

दसऱ्यानंतर एका सकाळी आईला वॉकरवर शेडपर्यंत नेलं. सीटवर जुनी चादर टाकली. दाराची कडी तुटली होती म्हणून ते सुतळीने बांधलेलं होतं, सुतळी कापली. आई पाठमोरी झाली, बसली, हाताने रेटत आत सरकली, आणि सरळ पाय कुठेही न लागता तिच्यामागून आत आला. मी दार धरून ठेवलं. टायर नसलेल्या गाडीत, उंदरांच्या लेंड्यांच्या वासात, ती पाच-सात मिनिटं समोरच्या भिंतीकडे पाहत बसली.

"गुढीपाडव्यापर्यंत आडवी जाईन," ती म्हणाली. "तोवर ही चालू कर."

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. वेळ होता. गाड्यांतलं काही कळत नव्हतं.

पुढचे महिने एकसारखे गेले. इंजिन जाम झालेलं होतं. मेकॅनिकने त्यात डिझेल ओतून आठ दिवस भिजत ठेवलं, तेव्हा ते हललं. टाकीच्या तळाशी गाळ निघाला. ब्रेकचे रबर मिळेनात. इतवारीतल्या तीन दुकानांनी एकमेकांकडे पाठवलं, चौथ्याने दिले ते एका ट्रॅक्टरचे होते. बरोबरचे यायला दीड महिना लागला. तोवर दोनदा गाडी ढकलून आत, दोनदा बाहेर. मेकॅनिक सकाळी अकराला ये म्हणायचा आणि दुपारी दोनला यायचा. मी त्याच्या बाकावर बसून राहायचो. पूर्वी रोज चार पानं लावायचो, आता दिवसाकाठी एक नट सुटलेला बघायचो. घरी आल्यावर आई विचारायची, "काय झालं आज?" हळूहळू तिने विचारणं सोडलं. ताट वाढलेलं असायचं.

नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती. आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एजंटने कागद उलटसुलट करून पाहिले.

"विंटेजमध्ये टाका भाऊ. सोपं काम. इज्जतीची प्लेट भेटते."

"मग रोज चालवता येते?"

"रोज काहून चालवता? प्रदर्शनात न्या, रॅलीत न्या."

"दवाखान्यात न्यायची आहे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग साध्यातच करा. पण साहेब सगळं तपासतील. ब्रेक, लाइट, हॉर्न, दारं, सगळं."

पत्र्याचं काम राहिलं होतं. ते करणाऱ्याला इथे डेंटर म्हणतात. इतवारीच्या मागच्या गल्लीत एक साठीचा डेंटर होता. या गाड्या हाताखालून गेलेला माणूस शहरात तोच उरला आहे, असं दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं. मी त्याला कामांची यादी टाइप करून दिली. एकूण चौदा कामं, प्रत्येकाची जागा डावी-उजवी लिहून. नववं काम असं होतं: 'पुढचं डावं दार: कडी तुटलेली, चालत्या गाडीत उघडतं. आई तिथे बसणार आहे.'

त्याने यादी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. "आई बसणार म्हणजे पक्कं काम पायजे. करतो."

पाडवा गेला. गाडी डेंटरकडे होती. दवाखान्याची एप्रिलची तारीख आली तेव्हा आई म्हणाली, "पाडव्यापर्यंत बोलले होते." ती गेली नाही. रक्त घरी येऊन नेलं, एक्स-रे राहिला. मेमध्येही तसंच. दवाखान्यातून फोन येत होते. संध्याकाळी तिच्या पायाला हात लावून गरम लागतो का बघायची मला सवय लागली. ती म्हणायची, "नागपुरात मेमध्ये काय थंड लागणार आहे?"

आरटीओची वेळ मिळाली त्याच्या आदल्या दिवशी गाडी तयार झाली. संध्याकाळी घ्यायला गेलो. फिकट निळा रंग जसा होता तसा जमला होता. डेंटरने हात पुसले आणि डावीकडचं दार उघडलं.

ते पुढे उघडलं. आजच्या गाड्यांसारखं.

"मधला पिलर खालून सडला होता," तो सांगत होता. "त्यावर बिजागरी राहिली असती तर दारानं झोल खाल्ला असता. पुढचा पिलर पक्का. मंग बिजागऱ्या तिकडं नेल्या, कडी इकडं घेतली. हे उलटं दार खतरनाक असते भाऊ. चालत्यात सुटलं का हवाच त्याले उघडते. आता सुटलं तरी हवा त्याले बंद करन. माय आहे ना बसणारी, मीनं तिचाच विचार केला."

काम उत्तम होतं. दार एका बोटाने बंद होत होतं. त्याला ते करायला अकरा दिवस लागले होते, हे तो सांगत असताना मी किल्ली घेतली. आरटीओची वेळ सकाळी आठची होती, आणि पुढची वेळ किती आठवड्यांनी मिळेल ते माहीत नव्हतं. कदाचित जमेल, असंही वाटलं असावं.

आरटीओच्या रांगेत अकरा वाजता गाडी बंद पडली. उन्हात पेट्रोलची पंपातच वाफ होते, या गाड्यांचं ते जुनं दुखणं. मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, बाटलीतलं पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबलो. चालू झाली. निरीक्षकाने चेसिसच्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवायला लावली, तो कागद नोंदणीच्या जुन्या पुस्तकाशी ताडून पाहिला. ब्रेक मारून दाखवायला सांगितला. लाइट, हॉर्न, वायपर. "वडिलांची का?" एवढं विचारलं आणि सही केली. दारांकडे त्याने पाहिलंही नाही.

घरी आलो तेव्हा आई नेसून तयार होती.

तिने दाराकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वॉकर पुढे टाकला. पाठमोरी बसली. आत सरकली. पाय दाराच्या आतल्या बाजूला लागून थांबला. दार आणखी उघडेना. मी टाच उचलून तिरकी करून पाहिली. तिचा चेहरा पांढरा झाला तेव्हा सोडली. दुसऱ्यांदा तो डाव्या पायावरून नेऊन, तिसऱ्यांदा पाठ ड्रायव्हरच्या बाजूला टेकवून. चौथ्यांदा तिने प्रयत्न केला नाही.

"कोणी फिरवलं हे?" तिने विचारलं.

"डेंटरने. त्याला वाटलं हे सुरक्षित आहे."

"त्याला सांगितलं नव्हतंस?"

मी दार लावलं. ती आत गेली. वॉकरचा आवाज मागच्या खोलीपर्यंत ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी डेंटरकडे गेलो. तो एका टेम्पोखाली होता. बाहेर आल्यावर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून यादी काढली. कागद ग्रीसने काळा झाला होता, घड्यांवर फाटला होता.

"नववं वाचा."

मी वाचलं.

"यात पायाचं काई आहे?"

"नाही."

"तुमी पेपरवाले ना? काय मोडलं ते लिहिलं, कुठं मोडलं ते लिहिलं. हे दार असंच काहून पायजे ते लिहायले शाई सरली होती?"

टेम्पोचा मालक हसला. मीही हसलो असतो, पण त्याचं म्हणणं खरं होतं. डेस्कवर तीस वर्षं मी नव्या बातमीदार मुलांच्या बातम्या याच कारणासाठी परत पाठवल्या होत्या. काय झालं ते आहे, का ते नाही.

"परत फिरवता येईल?"

"लोखंड आहे, फिरते. पण पिलर नवा बनवा लागन. अन् आता मी तुमच्या कागदावर काम नाही करत. मायले भेटतो."

रविवारी सकाळी तो आला. चपला बाहेर काढल्या, हातात टेप होता. आईला भिंतीला टेकवून खुर्चीवर बसायला सांगितलं, पाय समोर स्टुलावर. मग खाली बसून कंबरेपासून टाचेपर्यंत मापला. उभं मापलं, आडवं मापलं, आकडे हातावर पेनने लिहिले.

"ब्लाउजचं माप घेऊन राहिला का रे?" आईने विचारलं. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा काही जादा बोलली.

"ब्लाउज सोपा असते मावशी. बिघडला तर उसवता येते. तुमचा पाय कुठं उसवू?"

"तू दार मात्र छान केलं होतंस. एका बोटानं लागतं."

"तेच तर दुःख आहे. अकरा दिवस लागले गा त्याले."

त्याने तिला वॉकरवर गाडीपर्यंत नेलं आणि ती कशी पाठमोरी होते, कुठे हात ठेवते, कुठे अडते ते दोनदा बघितलं. मग म्हणाला की दार उलटं करतोच, वर सीट चार बोटं मागे नेतो, आणि दारावर एक जास्तीची कडी बसवतो, आतून ओढायची. एक सुटली तरी दुसरी धरेल. त्याची भीती गेलेली नव्हती. आई हो म्हणाली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन आठवडे."

"मी बसलेलीच आहे," आई म्हणाली.

तीन आठवड्यांचे चार झाले. खांबाचा पत्रा त्याने एका भंगारातल्या गाडीचा आणला होता, तो आखूड निघाला, मग त्याने नवाच घडवला. या दिवसांत मी दोनदा इतवारीत गेलो, दोन्ही वेळा गल्ली हातगाड्यांनी बंद होती, दोन्ही वेळा अर्ध्यातून चालत. विचारण्यासारखं काही नव्हतं. बसून यायचो. एका संध्याकाळी आईला बारीक ताप आला, सकाळी उतरला. तेव्हा मी तिला आडवं नेण्याबद्दल बोललो. तिने नकारार्थी मान हलवली.

गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळ दवाखान्यातून घेतली. आई बसली. सरकली. पाय आत आला. तिने दार स्वतः ओढलं, मग जास्तीची कडी लावली, मग ती लागली का ते ढकलून पाहिलं. फाटकातून बाहेर पडताना ती समोर बघत होती. चौकात लाल दिव्याला एका स्कूटरवाल्याने वाकून गाडीचं नाक पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान डोलावली, दिवा हिरवा झाला. मला झोप येत होती.

एक्स-रे चांगला आला, पण ते नंतर दुपारी कळलं. त्याआधी दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली तेव्हा रखवालदार स्ट्रेचर ढकलत आला होता. त्याने मला ओळखलं होतं, माझी पेशंट नेहमी मागच्या सीटवर आडवी येते हे त्याला माहीत होतं. पुढे बसलेल्या आईला ओलांडून तो मागच्या खिडकीशी वाकला आणि आत बघू लागला.

"पेशंट कुठं आहे?"

मागच्या सीटवर पाण्याची बाटली होती आणि पंपाचं फडकं.